देवयानीची बाजू

आमच्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटे. मी शिकवते खालच्या इयत्तांना, पण कपाटांची किल्ली माझ्याकडे असते. त्यामुळे वरच्या वर्गांतल्या मुलामुलींशी माझा संबंध येतो तो पुस्तकांच्या निमित्ताने. या कपाटात वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ची एक जुनी प्रत आहे. तिच्यावर किती पिढ्यांचे हात फिरले असतील कोण जाणे! पुठ्ठा दोनदा बदलला गेला आहे, पाने पिवळी पडली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर कोणाची ना कोणाची पेन्सिल चाललेली आहे.

पुस्तकावर रेघा ओढू नयेत, असे मी मुलांना नेहमी सांगते. पण खरे सांगायचे तर त्या रेघा वाचण्याचा मला नाद आहे. शर्मिष्ठेच्या निवेदनात रेघांची गर्दी आहे. तिची सोशिकता, तिचा त्याग, तिचे प्रेम, सगळ्यांखाली रेघा, आणि एके ठिकाणी शाईचा एक फुगलेला डाग. तो पाण्याच्या थेंबाने पडला की डोळ्यांतल्या, हे आता सांगता यायचे नाही. देवयानीच्या निवेदनात रेघा नाहीतच. तिथे समासात शेरे आहेत: ‘गर्विष्ठ’, ‘दुष्ट’, ‘हिला चांगली शिक्षा झाली पाहिजे’. अक्षरे निरनिराळी, निकाल मात्र एक. गेल्या पावसाळ्यात हे पुस्तक एका मुलीकडून परत आले, तेव्हा ‘दुष्ट’ या शेऱ्यापुढे एक बारीकसे प्रश्नचिन्ह उमटलेले दिसले.

त्या प्रश्नचिन्हाने मला हा लेख लिहायला लावले आहे.

‘ययाति’ पुष्कळांनी वाचलेली असते. तरी फराळाचे ताट बाजूला सारून हा अंक हाती घेणाऱ्यांसाठी थोडक्यात कथा सांगते. हस्तिनापूरचा राजपुत्र ययाति, दैत्यगुरू शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आणि दैत्यराज वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा, अशी ही तिघे आहेत. नदीकाठी वस्त्रांची अदलाबदल होते, त्यावरून भांडण जुंपते आणि शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत लोटते. शिकारीला आलेला ययाति तिला हात देऊन वर काढतो. ज्याने हात धरला त्यालाच मी वरणार, असे देवयानी म्हणते. आणि शर्मिष्ठेने आपली दासी होऊन सासरी यावे, असा हट्ट धरते. पुढे ययातीचे मन त्या दासीकडे ओढ घेते. गुपित फुटल्यावर शुक्राचार्यांच्या शापाने राजाला ऐन उमेदीत म्हातारपण येते, आणि शर्मिष्ठेचा मुलगा पुरू त्याला आपले तारुण्य देतो. मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि खांडेकरांना १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तेव्हा मराठीला तो मान पहिल्यानेच लाभला. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत मास्तर होते आणि विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मॅट्रिकच्या शिदोरीवर शाळेत शिकवून रात्री लिहीत बसणाऱ्या माझ्यासारखीला त्यांच्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यासारखी माया का वाटते, हे वाचकांच्या ध्यानी येईल. म्हणूनच त्यांच्याशी भांडायलाही मला संकोच वाटत नाही.

त्या मुलीला मी विचारले, “हे प्रश्नचिन्ह तुझे का ग?”

ती घाबरली. “खोडून टाकते बाई.”

“खोडू नकोस. पण ते काढलेस कशासाठी, ते सांग.”

थोडा वेळ पदराशी, म्हणजे ओढणीशी, चाळा करून ती म्हणाली, “बाई, देवयानीला राणी व्हायचं होतं. ययातीला तर आधीपासूनच राजा व्हायचं होतं. मग तिलाच दुष्ट का म्हणायचं?”

मला चटकन उत्तर देता आले नाही. घंटा झाली, आणि त्या घंटेचा मला आधार वाटला, हे कबूल करते.

पुढे कळले की या मुलीने मोठ्या बहिणीच्या मोबाइलवर एक इंग्रजी कादंबरी वाचली होती. हॉली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेची ‘द क्रूएल प्रिन्स’, २०१८ सालची. मीही ती मिळवली आणि शब्दकोश जवळ ठेवून वाचली. परीराज्यात वाढलेली सतरा वर्षांची एक माणसाची मुलगी, ज्यूड तिचे नाव. त्या दरबारात माणसाला किंमत नाही. पण ज्यूडला कोणाची दया नको आहे, तिला सत्ता हवी आहे. ती हेर होते, खोटे बोलते, विष पचवायला शिकते. ज्या राजपुत्राने तिला छळले त्याच्यावर तिचा जीवही जडतो. आणि शेवटी त्यालाच वचनात बांधून गादीवर बसवते, म्हणजे गादीमागून राज्य आपल्याला करता यावे. पुस्तकात रक्तपात फार आहे. काही पाने मला आवडली नाहीत, आणि ही मुलगी वाचकांपुढे आदर्श म्हणून ठेवावी असेही मला वाटत नाही. पण एक गोष्ट लक्षात राहिली. ज्यूडला सत्ता हवी आहे याबद्दल लेखिका तिच्याकडून कुठे माफी मागवून घेत नाही. ती जे करते त्याबद्दल तिला भोगावे लागते. जे इच्छिते त्याबद्दल नाही.

आपल्याकडे राजवाड्याच्या अद्भुत कथा काही नवीन नाहीत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. मराठी कादंबरी चालायला लागली ती मुळी राजपुत्र, राजकन्या, संकटे आणि योगायोग यांचे बोट धरून. हे सगळे असंभाव्य आहे, असा सूर काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी १८७२ सालच्या आपल्या निबंधात लावला, आणि पंडितांना तो पटला. लोक मात्र वाचत राहिले. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने तर पुढच्या कितीतरी मुलांना रात्र रात्र जागवले. या जातीच्या कथांचा एक साचाच ठरलेला असे. नायिकेने सोसायचे, नायकाने सोडवायचे आणि महत्त्वाकांक्षा बाळगायची ती खलपुरुषाने. गादीकडे डोळा ठेवणारा तो पापी, आणि ती जन्मानेच मिळालेला तो पुण्यवान!

‘ययाति’त हा साचा मोडला आहे. तिथे महत्त्वाकांक्षा एका आश्रमातल्या मुलीच्या मनात शिरली आहे आणि त्या मुलीला स्वतःच्या तोंडाने बोलण्याची मुभा मिळाली आहे. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघेही आपापली हकीगत ‘मी’ म्हणून सांगतात. खांडेकरांनी केलेली ही गोष्ट फार मोठी आहे. खलनायिकेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे निराळे आणि तिच्या हाती लेखणी देणे निराळे. माझी तक्रार एवढीच की लेखणी दिली, पण ती लिहू लागली तेव्हा न्यायाधीशाने निकाल आधीच लिहून ठेवलेला होता.

मग देवयानीचे म्हणणे तरी काय आहे? थोडे मागे जाऊन पाहू. तिचे वडील संजीवनी विद्या जाणणारे एकमेव आचार्य. मेलेल्याला उठवणारी ही विद्या. ती शिकायला देवांकडून कच येतो. दैत्य त्याला मारतात, त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आणि देवयानीच्या आक्रोशामुळे आचार्य पोटातल्या कचाला ती विद्या देऊन टाकतात. जी विद्या शत्रुपक्षाच्या मुलाला मिळाली, ती पोटच्या मुलीला शिकवल्याचे कथेत कुठेही येत नाही. कृ. प्र. खाडिलकरांनी १९१३ साली या कथेवर नाटक लिहिले, त्याचे नाव ‘विद्याहरण’. नाव अगदी नेमके आहे. विद्या एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि मधली शिडी झाली देवयानी. वर चढल्यावर शिडी काढून ठेवतात, तसे कचाने तिला बहीण म्हणून बाजूला ठेवले. तिने शाप दिला, त्याने उलट शाप दिला: कोणताही ऋषिकुमार तुझे पाणिग्रहण करणार नाही.

आता हिने जावे कुठे? विद्येचे दार वडिलांनी कधी उघडले नाही. आश्रमाचे दार कचाने बंद केले. उरले राजवाड्याचे, आणि तेही एका राजाचा हात धरूनच उघडणारे. त्या विहिरीत उभ्या असलेल्या मुलीने वरून आलेला हात पाहिला तेव्हा तिच्या मनात हिशेब झाला, असे कादंबरी सुचवते. झाला असेल. विहिरीत पडलेल्या माणसाने हिशेब करू नये काय?

मी देवयानीची वकिली आंधळेपणाने करत नाही. बालमैत्रिणीला जन्माची दासी करून सासरी नेणे ही क्रूर गोष्ट आहे. तिचे समर्थन मला करता येत नाही आणि करायचेही नाही. आपल्या कुळाच्या भल्यासाठी शर्मिष्ठा ते दास्य पत्करते, त्या प्रसंगी माझाही कंठ दाटतो. नवऱ्याशी वाद झाला की वडिलांच्या कोपाचा धाक घालणे हेही देवयानीला शोभत नाही. पण ययातीच्या तोंडाला मद्याचा वास येताच ती दूर होते, तो प्रसंग पाहा. पुष्कळ वाचक तिथे तिला रूक्ष, अरसिक म्हणतात. ज्या घरात दारूच्या एका पेल्याने बापाची आयुष्यभराची विद्या गेली, त्या घरची ती मुलगी आहे. आमच्या भागातली कोणतीही बाई या पानावर देवयानीला अरसिक म्हणणार नाही. दारूने काय काय जाते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आणि त्या राजवाड्यात देवयानी एकटीच का कारस्थानी आहे? ययातीच्या आईकडे पाहा. अलका नावाच्या गरीब मुलीला विष देवविणारी ही राजमाता. तिचे पाप देवयानीच्या कोणत्याही पापापेक्षा मोठे आहे. पण समासातले शेरे तिला सोडून देतात, कारण तिने जे केले ते मुलाच्या आणि घराण्याच्या नावाने केले. देवयानीचा अपराध हा की तिने ‘मला हवे’ असे म्हटले. मला वाटते, खांडेकरांच्या हातून न कळत एक मोठे सत्य इथे लिहिले गेले आहे. ज्या वाड्यात स्त्रीला सदरेवर बसून बोलता येत नाही, तिथे तिची बुद्धी पडद्याआड बसून कुजबुजू लागते. तिला आपण कारस्थान म्हणतो. पुढचे दार बंद असले की माणूस मागच्या दाराने येतो; आणि मग तो मागच्या दाराने आला, म्हणून आपण त्याला चोर ठरवतो.

खांडेकरांना सांगायचे होते ते निराळे होते, हे मी विसरलेले नाही. भोगाला मर्यादा नसली म्हणजे माणसाचे काय होते, ते त्यांना ययातीच्या रूपाने दाखवायचे होते, आणि ते त्यांनी असे दाखवले की आजही वाचताना आरशात पाहिल्यासारखे होते. मात्र न्यायाची दोन मापे तिथेच दिसतात. स्वतःच्या मुलाचे तारुण्य मागून घेणारा बाप! याहून मोठी हाव कोणती? पण तो सर्वांत आधी बोलतो, मन उघडे करून बोलतो, पश्चात्तापाने रडतो, आणि आपण विरघळतो. त्याची हाव ही मानवी दुर्बलता ठरते. देवयानीची इच्छा हा दुर्गुण ठरतो.

हा न्याय केवळ कादंबरीतला नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीची हाव होती रघुनाथरावांना. पण मराठी भाषेने वाक्प्रचार कोणाच्या नावाने जपून ठेवला? ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईने केला, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही. तरी अडीचशे वर्षे आपण तो ‘मा’ बाईच्या हस्ताक्षरात वाचत आलो आहोत.

आमच्या सटाण्याहून मुल्हेर फार लांब नाही. तिथे बागुल राजांची राजधानी होती. मोगलांनी १६३८ साली बागलाण घेतले, त्याच्या चाळीसएक वर्षे आधी, १५९६ साली, नारायणशहाच्या दरबारातल्या रुद्रकवीने ‘राष्ट्रौढवंश’ हे वीस सर्गांचे संस्कृत महाकाव्य पूर्ण केले. मुलांना घेऊन मी मुल्हेरला जाते, तेव्हा गडाच्या पडक्या वाड्यांकडे पाहून मनात येते, या भिंतींच्या आत एखादी देवयानी असेलच. वंशाचे काव्य झाले. तिला काय हवे होते, हे विचारायला कवी कुठून यायचा?

कथेकडे पुन्हा पाहणारे लेखक पुढे झाले, हेही सांगितले पाहिजे. गिरीश कार्नाड यांनी विशी नुकतीच ओलांडलेली असताना कन्नडमध्ये ‘ययाति’ हे नाटक लिहिले. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्यात पुरूला चित्रलेखा नावाची पत्नी आहे. बापासाठी मुलगा तारुण्य देतो ठीक; पण त्या नव्या नवरीचे काय, हा प्रश्न हे नाटक विचारते. १९६६ साली शिरवाडकरांनी ‘ययाति आणि देवयानी’ लिहिले आणि नावातच देवयानीला राजाच्या शेजारी बसवले. थोर कथेचे असेच असते. तिच्यातला एखादा माणूस न्याय मागत थांबलेला असतो, आणि प्रत्येक पिढी त्यातल्या एकाची तरी तक्रार ऐकून घेते.

आता एक कबुली. खांडेकरांवर बोट ठेवताना उरलेली बोटे माझ्याकडे वळतात.

मॅट्रिकला मला चांगले गुण मिळाले होते. नाशिकला कॉलेजात जायची इच्छा मी घरात बोलून दाखवली. आजी प्रेमळ होती; पुस्तक घेऊन बसले की “काय वाची राहिनी व माय?” म्हणून जवळ येऊन बसायची. पण त्या दिवशी घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी म्हटले, “पोरगी फार महत्त्वाकांक्षी दिसते,” आणि आजीसकट सारे गप्प झाले. शब्द चांगला, संस्कृत, वर्तमानपत्रात थोर पुरुषांच्या नावापुढे येणारा. माझ्या नावापुढे तो दोषासारखा लागला. त्या उन्हाळ्यात माझे लग्न झाले. सासर चांगले मिळाले, पुढे नोकरी मिळाली, लेखनही झाले. मला रडगाणे गायचे नाही. पण पहिली कादंबरी लिहिली तेव्हा तिच्यात मी एक थोरली सून रंगवली. हुशार, हिशेबी, वाड्याचा कारभार हाती घेऊ पाहणारी. शेवटच्या प्रकरणात मी तिला एकटी पाडली आणि सोशिक धाकट्या सुनेच्या पायाशी आणून बसवले. वाचकांची पत्रे आली. शेवट फार आवडला, अशी सगळी पत्रे होती. मी ती जपून ठेवली. त्या थोरलीला मी शिक्षा का केली, हे मला त्या प्रश्नचिन्हापर्यंत कधी सुचले नाही. सुचले नाही, की सुचू दिले नाही? वाचकांनी मला चांगली बाई म्हणावे, एवढ्यासाठीच मी तिचा बळी दिला होता.

म्हणून या सणासुदीला घराघरांतल्या आईबापांना माझे एक सांगणे आहे. मुलांच्या हाती ‘ययाति’ जरूर द्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती वाचावी. तारुण्य हाती येण्याआधी ते कसे उधळले जाते, हे कळलेले बरे. पण मुलीने ती वाचून ठेवली म्हणजे “शर्मिष्ठा आवडली ना?” असे विचारू नका. “देवयानीला काय हवे होते ग?” असे विचारा, आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका. शर्मिष्ठेची थोरवी त्यामुळे उणी होत नाही. सोसणे हा मोठा गुण आहेच. पण सोसणारीवर आपण प्रेम करतो ते पुष्कळदा ती काही मागत नाही म्हणून, हेही एकदा मनाशी तपासून पाहावे.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिला पुढे स्पर्धापरीक्षा द्यायच्या आहेत, जिल्हाधिकारी व्हायचे आहे. घरी कांद्याचा व्यवहार. भाव असेल त्या वर्षी हसू, नसेल त्या वर्षी मौन. गणपतीत तिचे आजोबा शाळेत आले होते. फी भरून झाल्यावर हसत म्हणाले, “बाई, जरा समजावा आमच्या पोरीला. फार महत्त्वाकांक्षी झाली आहे.”

तोच शब्द! एवढ्या वर्षांनी, तसाच हसत हसत आलेला.

मी म्हटले, “आजोबा, तुमचा नातूही आमच्याच शाळेत होता. त्याच्याबद्दल हा शब्द तुम्ही मोठ्या कौतुकाने म्हणाला होता. आठवतं?”

ते काही बोलले नाहीत. टोपी काढून पुन्हा डोक्यावर नीट बसवली आणि, “बघू,” एवढेच म्हणाले. हे ‘बघू’ कोणत्या बाजूला झुकेल, ते मला ठाऊक नाही. मार्चात परीक्षा आहे, जूनमध्ये कळेल.

‘ययाति’ची ती प्रत मी पुन्हा कपाटात ठेवली आहे. प्रश्नचिन्ह खोडलेले नाही. त्याच्या खाली, पुस्तकावर रेघा ओढू नयेत हा माझाच नियम मोडून, मी पेन्सिलीने एक दुसरे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.